धोलपूर हाऊसमधला अर्धा तास

2024 च्या नागरी सेवा परीक्षेसाठी देशभरातून 9,92,599 जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले 5,83,213. त्यातले 14,627 मुख्य परीक्षेपर्यंत पोचले आणि मुख्य परीक्षेचा निकाल लागल्यावर उरले 2,845. केंद्रीय लोकसेवा आयोगानं या सगळ्यांना जानेवारी ते एप्रिल 2025 या काळात मुलाखतीसाठी दिल्लीला, धोलपूर हाऊसमध्ये बोलावलं आणि शेवटी 1,009 जणांची शिफारस केली. हिशेब मांडला तर पूर्वपरीक्षेत चाळिसात एक टिकला, मुख्य परीक्षेत पाचात एक आणि मुलाखतीत तिघांत एक. म्हणजे कागदावर सगळ्यात सोपी फेरी शेवटचीच. तरी सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, झोप उडवणारी फेरी कोणती म्हणून. उत्तर एकच येईल.

भीतीचं कारण समजण्यासारखं आहे. पूर्वपरीक्षेत आणि मुख्य परीक्षेत उमेदवार हा एक आसनक्रमांक असतो. मुलाखतीत तो नाव, गाव, आवाज, घामेजलेले तळहात यांच्यासह पाच जणांसमोर बसतो. शिवाय ही फेरी हुकली तर पुन्हा पूर्वपरीक्षेपासून सुरुवात. मागच्या वर्षीची मेन्स पास होती, या सबबीला आयोगाच्या दारात काडीची किंमत नाही.

नेमकं काय तपासतात तिथे? आयोगाच्या अधिसूचनेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, पण अर्ज भरण्याच्या घाईत ती पानं फारसं कुणी वाचत नाही. सामान्य किंवा विशेष ज्ञानाची परीक्षा घेणं हा या चाचणीचा उद्देश नाही, ते काम लेखी परीक्षेनं आधीच केलेलं आहे, असं आयोग सांगतो. मानसिक तल्लखपणा, मांडणीतला तर्क आणि स्पष्टता, समतोल विचार, आवडीनिवडींचा विस्तार आणि खोली, माणसं जोडण्याची व नेतृत्वाची क्षमता, बौद्धिक आणि नैतिक सचोटी, अशी गुणांची यादीही दिलेली आहे. पद्धत उलटतपासणीची नसून सहज चाललेल्या, पण दिशा असलेल्या संभाषणाची असेल, हेही त्यात आहे. एवढं वाचूनसुद्धा मुलं शेवटच्या महिन्यात चालू घडामोडींची तीन-तीन मासिकं पाठ करत बसतात, याला काय म्हणावं?

गुणांचं गणित एकदा नीट समजून घेतलं की डोकं बरंच थाऱ्यावर येतं. मुख्य परीक्षा 1750 गुणांची, मुलाखत 275 ची, एकूण 2025. मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. त्यात नापास असा प्रकार नाही, किमान गुणांची अट नाही. लेखीचे आणि मुलाखतीचे गुण एकत्र करून यादी लागते.

2023 च्या परीक्षेचं उदाहरण घ्या. खुल्या प्रवर्गाचा मुख्य परीक्षेचा कटऑफ 741 होता आणि अंतिम कटऑफ 953. जो उमेदवार अगदी काठावर, 741 वर, मुलाखतीला पोचला त्याला यादीत येण्यासाठी 275 पैकी 212 गुण लागत होते. एवढे गुण क्वचितच कुणाला मिळतात. उलट त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या आदित्य श्रीवास्तव यांचे लेखीचेच गुण 899 होते. निव्वळ यादीत यायला त्यांना मुलाखतीत 54 पुरले असते, मिळाले 200. म्हणजे लेखीत खूप मागे असलेल्याला मुलाखत तारून नेईल ही आशा फोल, आणि लेखीत खूप पुढे असलेल्याला ती बुडवेल ही भीतीही बहुतांशी फोल. खरी उलथापालथ होते ती मधल्या मोठ्या गर्दीत. तिथे पंधरा-वीस गुणांनी सेवा बदलते, केडर बदलतं, किंवा नाव यादीच्या बाहेर राहतं.

पहिले आलेले सगळे मुलाखतीचे बादशहा असतात, हाही एक गोड गैरसमज. 2019 च्या परीक्षेत पहिले आलेले प्रदीप सिंह यांना मुलाखतीत 158 गुण होते; लेखीत मात्र 914. 2014 ला पहिल्या आलेल्या इरा सिंघल यांना 162. 2017 चे अनुदीप दुरीशेट्टी 176 वर होते आणि लेखीत त्यांनी 950 चा डोंगर रचला होता. दुसऱ्या टोकाला 2013 चे गौरव अगरवाल, मुलाखतीत 206. 2014 मध्ये झैनब सईद या उमेदवाराला मुलाखतीत 220 गुण मिळाले आणि देशात त्याची चर्चा झाली, पण त्यांचा क्रमांक होता 107.

तोंडी परीक्षेला एवढंच वजन का, याच्या मागे न्यायालयीन इतिहास आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखीला 100 आणि मुलाखतीला 50 गुण ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकायची आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठे असले. 1980 साली अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तोंडी परीक्षेला एकतृतीयांश वजन देणं मनमानी ठरवलं. पुढे 1985 साली हरियाणा लोकसेवा आयोगाच्या भरतीवरच्या अशोक कुमार यादव खटल्यात सर्वसाधारण उमेदवारांसाठीचे 22.2 टक्केही न्यायालयाला जास्त वाटले, आणि नमुना म्हणून पुढे केलं ते केंद्रीय आयोगाचंच तेव्हाचं प्रमाण, 12.2 टक्के. तोंडी परीक्षेत वशिला आणि लहर शिरायला जागा असते, हे न्यायालयानं मान्य केलेलं सत्य आहे. कनिष्ठ पदांच्या बाबतीत तर केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2016 पासून मुलाखतच बंद केली. वरच्या सेवांसाठी ती टिकली, कारण जिल्हा हाती देण्याआधी माणूस समोर बसवून पाहावा, असं व्यवस्थेला अजूनही वाटतं. त्यात तथ्य आहे.

आता तयारीकडे वळू. मंडळासमोर उमेदवाराचे लेखी गुण नसतात. असतो तो सविस्तर अर्ज, मुलांच्या भाषेत ‘डॅफ’. नाव, जन्मगाव, जिल्हा, शाळा, पदवीचा विषय, नोकरी केली असल्यास ती, छंद, खेळ, बक्षिसं, सेवांचा आणि केडरचा पसंतीक्रम. मुलाखतीचा मोठा भाग या कागदावरून सुरू होतो. म्हणजे या परीक्षेची प्रश्नपत्रिका उमेदवार काही महिने आधी स्वतःच लिहून देतो, आणि गंमत अशी की पुष्कळांना आपण काय लिहून दिलं ते नीट आठवत नसतं. अर्जातला प्रत्येक शब्द खाली चार ओळींचं उत्तर मागतो, हे धरून चालावं. तयारीचा निम्मा वेळ या एका कागदाला दिला तरी तो वाया जाणार नाही.

समजा, उमेदवार निफाड तालुक्यातली आहे. तिच्या अर्जात नाशिक जिल्हा दिसला की कांदा आलाच. तिनं काय वाचून जावं? केंद्रानं 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली, मे 2024 च्या सुरुवातीला ती उठवली, पण किमान निर्यातमूल्य टनाला 550 डॉलर आणि 40 टक्के शुल्क लावून. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क 20 टक्क्यांवर आणलं आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही रद्द केलं. हे झाले तपशील आणि ते फार तर पहिल्या मिनिटाला पुरतात. पुढचा प्रश्न येतो तो असा: तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, पण उद्या दिल्लीत ग्राहक व्यवहार मंत्रालयात बसलात आणि कांदा ऐंशी रुपये किलो झाला, तर काय कराल? इथे पाठांतर संपतं. लासलगावच्या बाजारात लिलाव बंद पडले की काय होतं, चाळीत साठवलेला कांदा किती सडतो, व्यापाऱ्यावर साठ्याची मर्यादा घातली की भाव कुणासाठी पडतो, हे तिनं घरात पाहिलेलं असतं. ते तिनं बोलावं आणि मग ग्राहकाचीही बाजू घ्यावी. मंडळाला ऐकायचा असतो तो हा तोल. एका बाजूनं भाषण ठोकणाऱ्याला सभा जिंकता येते, मुलाखत नाही.

सोलापूरच्या मुलाला चादर आणि उजनी धरण ठाऊक असतं, पण अवर्षणाच्या जिल्ह्यात ऊस का, हा प्रश्न त्याला घाम फोडतो. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं सोलापूरकराला न येणं मात्र अक्षम्य. गडचिरोलीच्या उमेदवाराला नक्षलवादाचा प्रश्न अपेक्षित असतो. मेंढा-लेखा गावानं सामूहिक वनहक्क मिळवून काय केलं, हा नसतो. आपल्या जिल्ह्याचं गॅझेटिअर एकदा चाळावं, जिल्हा नियोजनाचा आराखडा बघावा आणि मुख्य म्हणजे एखाद्या तलाठ्याशी, आशाताईशी, बाजार समितीतल्या हमालाशी बसून बोलावं. तासाभराच्या अशा गप्पांतून जे हाती लागतं ते क्लासच्या नोट्समध्ये नसतं.

छंदांचा रकाना हा तर पुष्कळांसाठी सापळा. ‘वाचन’ लिहिलेल्याला शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं आणि त्यात काय पटलं नाही, असं विचारलं की निम्म्यांची बोबडी वळते, कारण गेली तीन वर्षं वाचलेलं सगळं अभ्यासक्रमातलं असतं. ‘ट्रेकिंग’ ही मराठी मुलांची आवडती नोंद. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं ‘मराठा लष्करी स्थापत्या’तले 12 किल्ले जागतिक वारशात घेतल्यापासून तिचे धोके वाढले आहेत. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी, ही यादी कुणीही पाठ करेल. पण जिंजी त्यात का आहे, आणि रविवारी राजगडावर होणारी गर्दी व तिथे उरणारा प्लास्टिकचा कचरा यांचं प्रशासन म्हणून काय करायचं, याचं उत्तर चाललेल्या पायांनाच सुचतं. जो छंद खरा नाही तो लिहूच नये. चार खोट्या छंदांपेक्षा एक खरा बरा, मग तो शेळ्या राखण्याचा का असेना.

पदवी आणि पसंतीक्रम यांवरही हमखास खोदकाम होतं. इंजिनिअरला ‘अभियांत्रिकी का सोडली’, डॉक्टरला ‘सरकारनं तुमच्या सीटवर खर्च केला, त्याचं काय’, परराष्ट्र सेवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवणाऱ्याला ‘तिसरी का’. यांवर ‘देशसेवा’ हे उत्तर हजारोंनी दिलेलं असतं आणि मंडळानं ते हजारदा ऐकलेलं असतं. खरं कारण पगार, प्रतिष्ठा, वडिलांचं स्वप्न, गावातल्या तहसील कचेरीत खाल्लेले हेलपाटे, असं काहीही असू शकतं. ते नीट शब्दांत मांडलं तर मंडळाला त्याचं वावडं नाही.

वादग्रस्त विषयांना बगल देता येत नाही. महाराष्ट्रात एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला, गदारोळ झाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मराठी उमेदवाराला यावर मत विचारलं तर ‘दोन्ही बाजूंचं बरोबर आहे’ हे उत्तर नव्हे, पळवाट आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचा किती भार पडतो, शिक्षक आहेत का, इतर राज्यं काय करतात, हे सांगून मग आपलं मत द्यावं, शांतपणे. समोरच्या सदस्याचं मत वेगळं निघालं तर लगेच कोलांटउडी मारू नये. हट्टालाही पेटू नये.

आता मॉकविषयी. शुद्ध मराठीत अभिरूप मुलाखती. मुख्य परीक्षेचा निकाल लागला की पुण्यात आणि दिल्लीच्या करोलबाग, जुन्या राजेंद्रनगर भागात त्यांचा हंगाम सुरू होतो. क्लासवाले या घेतात, कारण उद्या निवड झालेल्यांचे फोटो फलकावर लावायचे असतात. मॉक एक, फोटो पाच फलकांवर, हे प्रकार वाचकांनीही पाहिले असतील. पुण्याची यशदा, 1976 पासून मुंबईत चालणारी राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था, दिल्लीत मराठी अधिकाऱ्यांच्या पुढाकारानं होणाऱ्या मुलाखती, या त्या मानानं भरवशाच्या जागा, कारण तिथे समोर प्रत्यक्ष काम केलेली माणसं असतात. चार-पाच मॉक पुरेत. आवाज खाली पडतो का, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येतं, पाय हलतो का, प्रश्न संपण्याआधी उत्तर सुरू होतं का, हे त्यांतून कळतं. पंधरा मॉक दिलेला उमेदवार मात्र गुळगुळीत होऊन निघतो. एक मंडळ म्हणतं हसत बोला, दुसरं म्हणतं गंभीर राहा. तो दोन्ही ऐकतो आणि शेवटी कुणाचाच राहत नाही. त्याहून घातक सवय म्हणजे इतरांच्या मुलाखतींचे वृत्तांत वाचून त्यांची उत्तरं उचलणं. आयोगाच्या सदस्यांना दिवसभरात तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकू आलं की ते ओळखतात.

भाषेचा प्रश्न मराठी उमेदवाराला हटकून छळतो. मुलाखत मराठीतून देता येते. मंडळासोबत दुभाषा बसतो. मराठी माध्यमातून परीक्षा देऊन देशात तिसरे आलेले भूषण गगराणी 1990 च्या तुकडीचे. त्यामुळे मराठीतून होत नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. पण दुभाष्यामुळे दोन गोष्टी बदलतात. अर्ध्या तासातला बराच वेळ भाषांतरात जातो आणि विनोद, कोपरखळी, शब्दांवरची हुकमत वाटेत गळते. म्हणून मराठीतून जाणाऱ्यानं लहान वाक्यं बोलण्याची सवय करावी, दोन-तीन वाक्यांनी थांबावं आणि सरावालाही शेजारी भाषांतर करणारा मित्र बसवावा. हे शेवटचं फारसं कुणी करत नाही आणि म्हणूनच प्रत्यक्ष मंडळासमोर तारांबळ उडते. इंग्रजीत विचार मोकळा होत असेल तर इंग्रजी घ्यावी. केवळ साहेबी छाप पडावी म्हणून मोडकी इंग्रजी घेणं हा शुद्ध तोटा.

प्रत्यक्ष दिवस बेताचा असतो. शाहजहान रोडवरचं धोलपूर हाऊस, सकाळचं किंवा दुपारचं सत्र. फोन बाहेर ठेवावा लागतो. मूळ कागदपत्रांची तपासणी होते, आणि इथे महाराष्ट्रातली मुलं विनाकारण अडकतात: नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात असतं, केंद्राच्या नमुन्यात नसतं, किंवा आर्थिक वर्ष चुकलेलं असतं. तहसील कार्यालयातलं हे काम मुलाखतीच्या आदल्या आठवड्यावर टाकण्याचं नाही. कोणतं मंडळ मिळणार ते तिथे गेल्यावरच कळतं. अमुक सदस्य कडक, तमुक उदार, या गप्पा अभिरूप मुलाखतींच्या रांगेत चवीनं चालतात. त्यांचा उपयोग शून्य, कारण मंडळ निवडणं उमेदवाराच्या हातात नाही. कपड्यांबाबत एवढंच की ते आधी घालून, बसून पाहिलेले असावेत. नवा बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालणारे दरवर्षी भेटतात.

आत गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा सोपा असतो, उमेदवाराला सावरायला वेळ देणारा. नंतर सदस्य आळीपाळीनं विचारतात. एखादं उत्तर येणार नाही. दोन-चार प्रश्नांना ‘माहीत नाही, सर’ म्हटल्यानं काही बिघडत नाही; मात्र ते एका वाक्यात म्हणून थांबावं, दिलगिरीचं पुराण लावू नये. अंदाज सांगायचा असेल तर ‘अंदाज सांगू का’ असं विचारून सांगावा. ‘ट्वेल्थ फेल’ चित्रपटामुळे अनेकांच्या डोक्यात अशी मुलाखत बसली आहे की एक बाणेदार वाक्य बोलायचं आणि मंडळानं अवाक व्हायचं. ज्यांच्यावर तो चित्रपट बेतला ते मनोज शर्मा महाराष्ट्र केडरचेच पोलीस अधिकारी. पण त्यांच्या यशामागे त्या एका अर्ध्या तासाइतकीच लेखीतली कमाई होती, हे पडद्यावर दाखवायला तितकं रंगतदार नसतं.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांनाही हे सगळं आता जवळचं झालं आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगात पूर्वी 900 पैकी 100 गुण मुलाखतीला होते. 2025 पासूनच्या वर्णनात्मक पद्धतीत राज्यसेवेचा आराखडाही 1750 अधिक 275 असाच झाला. म्हणजे मुलाखतीचं वजन पूर्वीच्या सुमारे अकरा टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांपर्यंत गेलं, आणि पाठांतरावर भिस्त ठेवलेल्यांना लेखी व तोंडी दोन्हीकडे सवय बदलावी लागणार आहे.

उरतात ते तिघांतले दोघे. 2024 च्या परीक्षेत असे 1,836 जण होते, धोलपूर हाऊसपर्यंत पोचलेले आणि यादीत नसलेले. त्यांच्यासाठी आयोगानं 2018 पासून एक योजना चालवली आहे, जी 2025 मध्ये ‘प्रतिभा सेतू’ या नावानं नव्यानं आली. मुलाखतीपर्यंत जाऊन अंतिम निवड न झालेल्या दहा हजारांहून अधिक उमेदवारांची माहिती तिच्याद्वारे सरकारी उपक्रम आणि खासगी कंपन्यांना पाहता येते, मात्र उमेदवारानं तशी संमती दिलेली असेल तरच. पुष्कळ जण ‘आपली निवड होणारच’ या भरात तो पर्याय वाचतसुद्धा नाहीत. या वर्षी कुणाच्या घरात मुलाखतीचं पत्र आलं असेल, तर संमतीच्या त्या चौकटीवर खूण केली आहे का, एवढं त्या मुलाला किंवा मुलीला जरूर विचारा.